स्वतःच्या योजना बाजूला ठेवून देवाच्या इच्छेप्रमाणे चालायचं म्हणजे नेमकं काय?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय, आणि मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक ज्येष्ठ ब्रदर म्हणतायत, ‘मला प्रार्थनेत उत्तर मिळालंय, तू हे सोडून पूर्णवेळ सेवेत यावंस.’ शेवटचं वाक्य वाचलं आणि गप्प बसवेना.

2009 साली माझ्याकडेही असंच प्रवेशपत्र होतं. मी 27 वर्षांची. निघायला पाच आठवडे उरले असताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेलेली. दादा नोकरीनिमित्त दूर. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, ‘मी उपास धरून प्रार्थना केली. स्पष्ट उत्तर मिळालं. तू बाबांपाशी राहावंस ही देवाची इच्छा आहे.’

मी विचारलं, ‘आणि तुझ्याविषयी काय उत्तर मिळालं?’

तो म्हणाला, ‘अगं, मी तुझ्यासाठी प्रार्थना करत होतो.’

मी राहिले. तीन वर्षं आणि दोन महिने. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायचं असे. विसरू नये म्हणून वेळा लिहून ठेवायचे, हाताला लागला तो कागद घेऊन. डावी, पाठ, उजवी. डावी, पाठ, उजवी. तो कागद प्रवेशपत्राचा होता, हे चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं. तोवर मागची बाजू भरली होती.

राहिले ते दादाच्या उत्तरामुळे नव्हे. रात्री दोन वाजता बाबा कण्हायचे आणि घरात उठणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून. त्याला दृष्टान्त लागत नाही. पण अंत्यविधीच्या वेळी दादाने उभं राहून साक्ष दिली की देवाने माझ्या बहिणीला या सेवेसाठी पाचारण केलं. लोकांनी आमेन म्हटलं. मी त्याच्याशी वर्षभर बोलले नाही.

आता शास्त्राचं बोलू. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेतलं वाक्य प्रभू येशू स्वतःच्या प्याल्याविषयी, म्हणजे स्वतःच्या वाट्याच्या दुःखाविषयी, बोलला. शिष्याच्या हातात प्याला देऊन नाही. आणि त्याआधी ‘हा प्याला टळून जावो’ असंही मोकळेपणाने मागितलं. तेव्हा आपली योजना देवापुढे मांडताना लाजायचं काही कारण नाही. प्रेषित पौलालाही बितुनिया प्रांतात जायचं होतं, आत्म्याने जाऊ दिलं नाही, मग तो त्रोवसला उतरला आणि तिथून मासेदोनियाला गेला (प्रेषितांची कृत्ये 16). पण वाट अडली तेव्हा तो चालत होता. घरी बसून खुणेची वाट बघत नव्हता.

दुसऱ्याकरवी आलेल्या उत्तराचं म्हणाल, तर 2 शमुवेल 7 वाचा. दावीद राजाला मंदिर बांधायचं होतं. नाथान संदेष्टा म्हणाला, जा, तुझ्या मनात आहे ते कर. त्याच रात्री परमेश्वराने नाथानाला उलट सांगितलं. म्हणजे खुद्द संदेष्टाही पहिल्या झटक्यात चुकला. पण नाथान परत गेला आणि राजाला खरं ते सांगून आला. आमच्याकडे परत कोणी आलं नाही. मार्क 7 मधला कर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं दान, हाही भाग दादाला दाखवला होता. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं म्हणून मोकळे होणाऱ्यांना प्रभू काय म्हणाला ते. त्याने विषय बदलला.

माझं मत सरळ आहे. ज्याला काही सोडावं लागत नाही त्याने दुसऱ्याला देवाची इच्छा सांगू नये. याचा अर्थ सल्ला फेकून द्यावा असा नाही. मंडळीतल्या एक वयस्क मावशी दर गुरुवारी यायच्या. देवाची इच्छा वगैरे एकदाही बोलल्या नाहीत. बाबांच्या उशाशी खुर्ची ओढायच्या आणि मला म्हणायच्या, ‘जा, झोप.’ त्यांनी काही सांगितलं असतं तर ऐकलं असतं.

आणि हो, मी कोणी संत नव्हते. कित्येक रात्री बाबांचा राग यायचा, नंतर त्या रागाचीच लाज वाटायची. शिक्षण पुढे झालंच नाही. त्याचं दुःख आजही आहे. बाबांपाशी होते याचा पस्तावा मात्र नाही. दोन्ही एकदम असू शकतं. तुमची गोष्ट वेगळीही असेल. सेवेची ओढ तुम्हाला स्वतःलाच आधीपासून असेल, तर माझं अर्धं उत्तर सोडून द्या. तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

पण प्रवेशाची मुदत संपण्याआधी त्या ब्रदरना एकदा विचारा, ‘तुमच्याविषयी काय उत्तर मिळालं?’ काय म्हणाले ते इथे लिहा. मला खरंच ऐकायचंय.