हॅलोविनला पोरांना पाठवू की नको?

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीत एडिसनला आलो. मुलगी ६ वर्षांची, मुलगा ११ चा. यंदा ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या संध्याकाळी, तो म्हणतोय मी मित्रांबरोबर ट्रिक ऑर ट्रीटला, म्हणजे भुताखेतांचे वेष घालून घरोघर कँडी मागायला जाणार, छोटीला पण नेतो, तुम्ही येऊ नका. व्हॉट्सअॅपवर कँडीत विष, सुया असले मेसेज फिरतायत. सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात परक्यांच्या दारात मागायला पाठवायचंच कशाला. मला तर झोप लागेना. काय करू?

अगं पाठव, पण छोटीला दादाच्या भरवशावर नको. ११ वर्षांचं पोर मित्रांच्या नादात पुढे पळतं आणि मागे बहीण आहे हे विसरतं, त्यात त्याचा दोष नाही, वयच तसं आहे. तू किंवा नवरा सोबत जा. मुलाचा मान राखायचा तर चार पावलं मागे चाला, पण दोघं नजरेसमोर हवीत.

विषाचं आधी सांगते. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं अशा बातम्या तपासतायत, अनोळखी माणसाने वाटलेल्या कँडीतल्या विषाने मूल गेलं अशी एकही केस त्यांना सापडली नाही. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा गेला खरा, पण विष घालणारा त्याचा सख्खा बाप निघाला, विम्याच्या पैशासाठी. बाई गं, वाचूनच पोटात गोळा येतो.

खरी भीती गाड्यांची आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या अपघातांचा अभ्यास आला होता, त्यात हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणारा गाडीखाली मरण्याचा धोका आसपासच्या संध्याकाळांपेक्षा ४३ टक्के जास्त निघाला, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांना तर जवळपास दहापट. तुझी छोटी त्याच वयाची, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. मी बहिणीकडे जर्सीला होते तेव्हा एक काळ्या झग्यातलं पोर समोरच्या घरची कँडी दिसली म्हणून दोन पार्क केलेल्या गाड्यांच्या मधून धावत सुटलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलं, आई फुटपाथवर नुसती थरथरत होती. रस्ता कोपऱ्यावरूनच क्रॉस करायचा, आधी एका बाजूची सगळी घरं संपवायची मग दुसरी, हे निघायच्या आधी दोघांकडून म्हणून घे. कॉस्च्युमच्या पाठीवर आणि कँडीच्या पिशवीवर चमकणारी टेप चिकटव, हातात टॉर्च दे, मास्कपेक्षा चेहरा रंगवलेला बरा कारण मास्कमधून बाजूचं दिसत नाही, आणि झगा पायात येत असेल तर परकराला घालतो तशी दुमड घालून टीप मार. तिकडे त्या दिवशी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर छोटीला साडेचारलाच बाहेर काढ. ज्या घराचा दिवा बंद तिथे बेल वाजवायची नाही, कोणी आत बोलावलं तरी उंबरा ओलांडायचा नाही.

कँडी घरी येईपर्यंत तोंडात टाकायची नाही. फाटकं पाकीट सरळ टाकून दे. शेंगदाण्याची वगैरे अॅलर्जी असेल तर लेबल वाच, छोट्या पाकिटावर ते बऱ्याचदा नसतंच, मग ते देऊच नको.

आणि सासूबाईंशी वाद घालू नकोस. भोंडल्याला आपण पोरी घरोघर जाऊन खिरापत खायचोच की, ते कुठे मागणं होतं, असं सांगून बघ. त्यांना दारात खुर्ची टाकून कँडीचं पातेलं मांडीवर दे, येणारी चिमुकली भुतं बघून त्याच तुला आणखी कँडी आणायला पिटाळतील.