वाचकांचे प्रश्न : देशाचं वीजजाळं वाढवताना

प्रश्न : मुख्य जाळं संपतं तिथून ३०० किलोमीटर आतल्या प्रांतात वीज न्यायची आहे. मागणी आज जेमतेम ४० मेगावॉट, पण पुढे दहापट होईल असा अंदाज आहे. मग आत्ताच ४०० केव्हीची (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) वाहिनी का टाकू नये?

उत्तर : मनोरे ४०० केव्हीचे उभारा, पण सुरुवातीची काही वर्षं वाहिनी २२० केव्हीवर चालवा. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेला निम्मा प्रवाह पुरतो आणि तारेतली गळती चौथ्या हिश्शावर येते, हे खरंच. पण हा हिशेब भरलेल्या वाहिनीचा आहे. लांब, रिकामी वाहिनी कपॅसिटरसारखी, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या उपकरणासारखी, वागते. ४०० केव्हीची जोडतारांची (प्रत्येक फेजला दोन तारा असलेली) वाहिनी सुमारे पाचशे मेगावॉट भाराला आपली आपण समतोल राहते. ४० मेगावॉटवर तीच वाहिनी १६० ते १८० एमव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणाऱ्या विजेचं माप) जाळ्यात ढकलू पाहते. पलीकडच्या टोकाला दाब चढतो : मागचं जाळं भक्कम असेल तर पाचेक टक्के, कमजोर असेल तर त्याहून बराच जास्त. मग वाहिनी चालू करायला जावं आणि अतिदाबाच्या रिलेने (दाब मर्यादेबाहेर गेला की वाहिनी तोडणाऱ्या यंत्रणेने) ती लगेच बंद पाडावी, हा खेळ सुरू होतो.

२२० केव्हीवर एमव्हीएआरचा हा आकडा पन्नासच्या आसपास येतो आणि लहान शंट रिअॅक्टरवर (हे जादा एमव्हीएआर शोषून घेणाऱ्या गुंडाळीवर) भागतं. तो रिअॅक्टर बसवर (उपकेंद्रात सगळ्या वाहिन्या मिळतात त्या सामाईक पट्टीवर) नको, वाहिनीच्या टोकालाच जोडा. पलीकडचा ब्रेकर (वाहिनी जोडणारा-तोडणारा स्विच) अचानक उघडला तर बसवरचा रिअॅक्टर वाहिनीपासून तुटतो, म्हणजे नेमका हवा तेव्हाच नसतो. इन्सुलेटर आणि जमिनीचा पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून ४०० केव्हीच्या मापाने घ्या. रुंदीची जमीन नंतर मिळत नाही.

प्रश्न : वाहिनी आमच्या गावावरून जाते आणि गावात अंधार! एक फाटा काढून द्यायला काय जातं?

उत्तर : राग रास्त आहे, पण फाटा म्हणजे नुसती तार नव्हे. २२० केव्हीचा ब्रेकर, रोहित्र, संरक्षणाच्या रिले, बॅटरी, नियंत्रण कक्ष, एवढं सगळं अर्ध्या मेगावॉटसाठी उभं करावं लागतं. शिवाय प्रत्येक फाट्यागणिक डिस्टन्स रिलेला बिघाड नेमका किती लांब आहे हे ओळखणं अवघड होतं. नेहमीचा मार्ग म्हणजे जवळच्या उपकेंद्रातून ३३ केव्हीची वेगळी वाहिनी.

घानाने आणखी एक तोड वापरली. मनोऱ्याच्या माथ्यावर आकाशातून कोसळणाऱ्या विजेपासून बचाव करणारी जी तार असते, ती इन्सुलेटरवर बसवून तिच्यातूनच मध्यम दाबाने वीज नेली आणि परतीचा मार्ग जमिनीतून ठेवला. आर्किंग हॉर्नमुळे (कोसळलेल्या विजेला इन्सुलेटर वगळून जमिनीकडे वाट देणाऱ्या धातूच्या शिंगांमुळे) ती तार आपलं मूळ कामही करत राहते. स्वस्त पडतं, पण गावातलं अर्थिंग कोरड्या हंगामातही चांगलं राहायला हवं. ते बिघडलं की आसपासच्या जमिनीत दाब चढतो आणि पहिला फटका गुराढोरांना बसतो.

प्रश्न : वीजकेंद्र तयार आणि वाहिनी अपुरी, असं पुन्हा पुन्हा का होतं?

उत्तर : केंद्र एका कुंपणात बांधलं जातं, वाहिनी शेकडो जमीनमालकांच्या हद्दींतून जाते. केनियात तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॉटचा पवनऊर्जा प्रकल्प २०१७ मध्ये तयार झाला. सुमारे ४३० किलोमीटरची वाहिनी जोडली गेली ती २०१८ च्या सप्टेंबरात. मधल्या काळात न वापरलेल्या विजेची भरपाई सरकारला द्यावी लागली. तारा एका ताण-मनोऱ्यापासून (तारांची ओढ पेलणाऱ्या भक्कम मनोऱ्यापासून) पुढच्या ताण-मनोऱ्यापर्यंत सलग ओढतात. मधल्या एकाच खाचराचा वाद मिटला नसेल तर तो सगळा टप्पा अडतो. म्हणून पायाचं काम जागा मिळेल तसं तुकड्यातुकड्यांनी चालेल, पण तारा ओढणाऱ्या तुकडीला टप्पा पूर्ण मोकळा झाल्याशिवाय बोलावू नका. ती रिकामी बसली तरी बिल चढतंच.

प्रश्न : कोरड्या हंगामात वाहिनी नेमकी पहाटेच बंद का पडते?

उत्तर : इन्सुलेटरवर साठलेली धूळ दवाने ओली होते आणि वीज पृष्ठभागावरून सरकते. धुवून काढा, किंवा सरपटमार्ग (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून विजेला कापावं लागणारं अंतर) प्रति केव्ही २५ वरून ३१ मिलिमीटर करा. सिलिकॉनचे इन्सुलेटर तिथे चिनी मातीपेक्षा बरे.