शहाबादी फरशी खरंच शहाबादची असते का? आणि ती तासून इतकी सपाट करतात का?

शहाबाद हे गाव खरं आहे. कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीकाठी, सोलापूरहून वाडीला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर. वडील रेल्वेत होते, त्यामुळे माझी शाळेची काही वर्षं वाडीत गेली. आज त्या नावानं विकला जाणारा दगड चितापूर, सेडम तालुक्यांतला असतो, कधी तेलंगणातल्या तांडूरचाही. पट्टा एकच आहे, राज्यं दोन.

तासून सपाट करतात हा मात्र गैरसमज. दगड मुळातच पानापानांचा आहे. इथे एकेकाळी उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक गाळ थरावर थर बसत गेला. भूशास्त्रज्ञ याला भीमा खोऱ्याचे खडक म्हणतात आणि ते साठ कोटी वर्षांहून जुने मानतात. त्यात शंखशिंपले शोधू नका, ते जीव तेव्हा जन्मालाच यायचे होते. पुढे बहुतेक ठिकाणी हे थर आडवेच राहिले, फारसे वाकले नाहीत. आपला काळा कातळ, म्हणजे दख्खनचा लाव्हा, पश्चिमेकडे त्यांच्यावर पसरला तो फार नंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

म्हणून खाणीतलं खरं काम सांधा ओळखण्याचं. वरची काळी माती आणि कुजका दगड काढायचा, चौकोन आखायचा, छिन्नीनं चर पाडायची आणि पहार थराच्या सांध्यात सारून पान अलगद उचलायचं. हल्ली चर पाडायला मशीन आहे, पण उचलताना हात लागतोच. वाडीत एका म्हाताऱ्या कामगारानं मला हातोडी टिचकावून दाखवली होती: खणखणीत वाजली तर फरशी अखंड, बद्द वाजली तर आत चीर. चीर गेलेल्या फरशा त्या भागात शेताच्या बांधावर उभ्या रोवतात, कुंपण तयार. पूर्वी घरांची छपरंही याच दगडाची असायची.

हा दगड वापरणारे आपण काही पहिले नव्हेत. जवळच भीमेकाठी सन्नतीशेजारच्या कनगनहळ्ळीला सातवाहनकाळातला स्तूप सापडला, त्याची शिल्पं याच चुनखडीत कोरलेली आहेत. त्यातल्या एका शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत चक्क अशोकाचं नाव आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचं मळखेड, तेही कागिणाकाठीच, आणि तिथला किल्ला याच दगडाचा. ज्यांनी वेरूळचं कैलास काळ्या कातळात खोदलं त्याच घराण्याची ही राजधानी.

विसाव्या शतकात याच दगडाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, सिमेंट. शहाबादचा कारखाना निजामाच्या काळातला. नंतर वाडी-सेडमकडे मोठमोठे उभे राहिले. फरशीवाल्यांना सपाट पानं हवीत, सिमेंटवाल्यांना नुसता चुरा चालतो. त्यात घराघरांत व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. सोडून दिलेल्या खाणींत आता पाणी साचलंय आणि कडेला फुटक्या फरशांचे ढीग.

तुमच्या घरची फरशी चुनखडीची आहे का ते पाहायचं असेल तर लिंबाचे दोन थेंब टाकून थोडं थांबा. चकाकी गेली की समजा चुनखडी. पण कोटा आणि कडप्पाही चुनखडीच, त्यामुळे गाव काही कळणार नाही. आणि डाग निघत नाही, तेव्हा पलंगाखालची जागा निवडा.