‘चौकोनी गोल’ चूक नव्हे

‘पानिपतावर मराठ्यांनी चौकोनी गोल बांधला’ असं वाक्य एका लेखात वाचलं. चौकोन गोल कसा असेल, असा प्रश्न आला आहे.

असेल की! हा गोल भूगोलातला संस्कृत गोल नव्हे. फारसीत ‘ग़ोल’ म्हणजे जमाव, सैन्याचा जथा, मुख्य फौज. बाबराने १५२६च्या पानिपताचं वर्णन करताना मधल्या फळीला वापरलेला शब्द याच घरातला. मराठीत येताना ‘ग’खालचा नुक्ता (टिंब) गळला आणि एकमेकांना परके असलेले दोन शब्द जुळ्या भावांसारखे दिसू लागले. त्यामुळे गोल बांधणे म्हणजे वर्तुळ काढणं नव्हे, एकवटून राहणं.

अब्दालीशी झालेल्या पानिपताच्या लढाईत, १४ जानेवारी १७६१ रोजी, हाच अर्थ जिवावर बेतला. उपासमारीने टेकीला आलेल्या मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांनी इब्राहिमखान गारद्याचा सल्ला मानला: तोफा आणि गारदी यांच्या आडोशाने, बुणग्यांना (फौजेबरोबरच्या न लढणाऱ्या माणसांना) पोटात घेऊन यमुनेकडे सरकायचं. (गारदी म्हणजे कवायती पायदळ; हाही शब्द परका पाहुणा, युरोपीय ‘गार्द’वरून आलेला.) अशा गोलात शौर्यापेक्षा जागा न सोडणं महत्त्वाचं. डावीकडे खानाच्या तोफा अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांना भाजून काढत असताना शेजारचे विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांचे स्वार पुढे सुटले. आपलीच माणसं माऱ्यात आल्यामुळे तोफा आवरत्या घ्याव्या लागल्या, असं सांगतात. ‘गोल मोडला’ म्हणतात ते हे. सगळं खापर विंचूरकरांवर फोडणं मला पटत नाही. गनिमी काव्यात मुरलेल्या घोडेस्वाराला तोफगाड्याच्या चालीने चालायला सांगितलं, तर तो कितीसा थांबणार? हा बेत आखतानाच ओळखायला हवं होतं.

दुपारनंतर अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज उतरवली. भाऊंपाशी राखीव असं काही उरलं नव्हतं. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. माणूस म्हणून समजतं. पण रिकामी अंबारी लांबवर दिसली आणि गोलाचा मध्यच नाहीसा झाला. उजवीकडून होळकर तर निघूनच गेले.

तेव्हा लेखातलं ते वाक्य तसंच राहू द्या. पुढे कुठे ‘गोलाकार व्यूह’ लिहिलं असेल, तर मात्र ते खोडा.