वडिलांचे पाय चाललं की जड होतात, एमआरआयमध्ये गादी जेमतेम सरकलेली. रक्तवाहिनीमुळे मज्जारज्जूला इजा होऊ शकते का?

होऊ शकते. कारण दुर्मिळ आहे, पण वय ६१, चालल्यावर जड होणारे पाय, बधिर तळवे आणि आता अडकणारी लघवी, हे वाचून मला तेच आधी आठवलं. मी पुण्यात न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे. निदान न्यूरॉलॉजिस्टच करतील, पण असे पेशंट फार उशिरा पोचतात म्हणून कळकळीने लिहितेय.

त्याला ड्युरल एव्ही फिस्टुला म्हणतात. मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणात धमनी थेट शिरेला जोडली जाते, धमनीचा दाब शिरेत उतरतो, रक्ताचा निचरा तुंबतो आणि मज्जारज्जूला सूज येते. पन्नाशी-साठीतल्या पुरुषांत जास्त दिसतो.

माझ्याकडे एक काका यायचे, रोज पर्वती चढणारे. अर्ध्या पायऱ्या झाल्या की पाय उचलेना. जरा टेकलं की पुन्हा ठीक. घरचे म्हणाले, वय झालं. प्रोस्टेटच्या गोळ्या झाल्या, ट्रॅक्शनही झालं. त्यांची उजवी चप्पल अंगठ्यापाशी घासून पातळ झाली होती आणि पाऊल झटकन वर ढकललं की ते थडथडत राहायचं. ही थडथड कंबरेच्या दबलेल्या नसेने होत नाही. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो, म्हणजे दोष त्याच्याही वर शोधायचा.

तेव्हा नुसता कंबरेचा एमआरआय झाला असेल तर पाठीचाही करायचा का, हे विचारा. नुसता रिपोर्ट नको, सीडी न्या. मज्जारज्जूत पांढरट सूज आणि त्यालगत काळ्या ठिपक्यांची वळवळती रांग दिसली तर पुढे स्पायनल अँजिओग्राफी, म्हणजे मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांत औषध सोडून एक्स-रेवर त्या बघायची तपासणी. ती पुण्यातही होते. उपाय म्हणजे ऑपरेशन करून ती जोडणी तोडणं किंवा कॅथेटरमधून ग्लू सोडून बंद करणं. आणि कुणी सुजेवर स्टिरॉइड सुचवलं तर ‘फिस्टुला नाही ना?’ हे आधी विचाराच. त्याने काहींचे पाय आणखी गेल्याची नोंद आहे.

उपचारानंतर चालणं बऱ्याचदा सुधारतं. लघवीचा त्रास मात्र चिवट असतो, म्हणून थांबू नका.

काही तासांत पाय गेले तर गोष्ट वेगळी. मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अचानक तुटू शकतो, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मणक्यात रक्तस्राव होऊन दाब येऊ शकतो. अशा वेळी किंवा लघवी पूर्ण बंद झाली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.