दारात कंपन्या असताना मास्तरकी कशाला?

प्रश्न : मी घणसोलीची, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला शाळेत मुलांना संगणकीय विचार, म्हणजे प्रश्न पायरी-पायरीने सोडवण्याची पद्धत, शिकवायची आहे. बाबा म्हणतात, ऐरोलीच्या कंपन्या दारात असताना मास्तरकी कशाला? शाळांत कॉम्प्युटर तरी धड चालतात का?

उत्तर : बाबांच्या दुसऱ्या शंकेचं आधी बोलू. कळव्याच्या एका शाळेत मी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पाहिला. लॅबला कुलूप होतं. बाईंनी आठ मुलं फळ्यापुढे ओळीत उभी केली. नियम एकच : लांबच्या टोकापासून खिडकीपर्यंत शेजारच्या दोघादोघांनी उंची ताडून पाहायची, उंच असेल त्याने खिडकीकडे सरकायचं. ही झाली एक फेरी. दुसऱ्या फेरीत एक मुलगी उठली. "बाई, खिडकीजवळच्याला आता कशाला मोजायचं? तो सगळ्यात उंच ठरलाच की!" बाई काही बोलल्या नाहीत, खडू तिच्या हातात दिला. तिने मांडलं : सातही फेऱ्यांत सगळ्या सात जोड्या ताडून पाहिल्या तर ४९ वेळा, तिच्या युक्तीने दर फेरीला एक जोडी कमी, म्हणून २८ वेळा. कॉम्प्युटर नव्हता, पण शिकवणं शंभर टक्के कॉम्प्युटर सायन्सचंच होतं.

उंचीप्रमाणे ओळ लावायचा हा प्रोग्रॅम तू दहा मिनिटांत लिहिशील. पण उत्तर ओठांवर असताना बाईंसारखं गप्प राहता येईल का? मला तीच खरी परीक्षा वाटते. म्हणून आधी तुझ्या जुन्या शाळेत विचारून चार तास घेऊन बघ. एसीएम इंडिया या संगणक क्षेत्रातल्या संस्थेच्या सीएसपाठशाला उपक्रमाचं साहित्य हाताशी ठेव. त्यातले बरेच खेळ कॉम्प्युटरशिवायचे आहेत.

रुचलं तर बी.एड.च्या सीईटीचा (प्रवेश परीक्षेचा) अर्ज याच वर्षी भर, शेवटच्या वर्षाला असताना चालतो. अनुदानित शाळांत संगणकाचं स्वतंत्र पद सहसा नसतं, म्हणून अध्यापनासाठी गणित घे. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी) आणि पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची शिक्षक भरतीची वेबसाइट. खासगी शाळा स्वतः मुलाखती घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये संगणकीय विचारावर भर आहे, त्यामुळे हे नीट शिकवणारी माणसं शाळांना लागणारच.

पगाराबाबत बाबांचं बरोबर आहे. सुरुवातीला कंपनीपेक्षा कमी मिळेल, खासगी शाळेत तर बरंच कमी. घरावर कर्ज असेल तर दोन वर्षं नोकरी करून मग बी.एड. कर, त्यात कमीपणा नाही. आणि त्या चारपैकी एका तासाला मुख्याध्यापकांच्या परवानगीने बाबांनाही मागच्या बाकावर बसव.