वाटाड्याचा टच बिघडला, तर?

प्रश्न : मी ऐरोलीत राहतो. निवृत्तीनंतर वर्षातून चार-पाच वेळा गाडीने दापोली तालुक्यातील गावी जाणे होते. समोरच्या काचेवर सक्शन कपाने चिकटवायचे पाच इंची नेव्हिगेशन यंत्र मी २०१४ मध्ये घेतले; त्यातील नकाशे २०१७ नंतर बदललेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून पडद्याच्या डाव्या कडेला बोट दाबले तरी काही होत नाही, आणि कधी कधी हात न लावताच अक्षरे उमटू लागतात. एका दुरुस्तीवाल्याने पूर्ण डिस्प्ले बदलावा लागेल असे सांगितले. मुलाचे म्हणणे, ते भंगारात टाका आणि मोबाइल वापरा. पण घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून मला हेच यंत्र हवे आहे. काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : दुरुस्तीवाल्याचे निदान बरोबर असेलही, परंतु यंत्र उघडण्यापूर्वी घरच्या घरी करून पाहण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. सर्वप्रथम नखाने किंवा पेनाच्या टोपणाच्या बोथट टोकाने पडदा हलकेच दाबून पाहा. तो नखालाही प्रतिसाद देत असेल, तर तो दाबावर चालणारा, म्हणजे रेझिस्टिव्ह पडदा आहे. अशा पडद्यात विद्युतवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर अगदी थोड्या अंतरावर बसवलेले असतात. बोटाच्या दाबाने ते जेथे एकमेकांना टेकतात, त्या जागेचे व्होल्टेज मोजून यंत्र स्थान ओळखते. मोबाइलचा पडदा कपॅसिटिव्ह असतो. तो दाब ओळखत नाही, बोटामुळे होणारा विद्युतभारातील बदल ओळखतो, म्हणून नखाला दाद देत नाही. आपले यंत्र ज्या काळातले आहे, त्या काळातील अशा बऱ्याच यंत्रांत रेझिस्टिव्ह पडदे असत, आणि आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे त्या जातीला शोभणारी आहेत.

डावी कड मृत होण्याचे कारण अनेकदा क्षुल्लक असते. भोवतालच्या प्लास्टिकच्या चौकटीखाली धूळ किंवा वाळूचा कण अडकला, की तो पडदा सतत दाबून धरतो आणि खऱ्या बोटाचा स्पर्श यंत्राला कळेनासा होतो. यंत्र बंद करून जाडसर कागदाची पट्टी चौकट आणि पडदा यांच्या फटीतून चारी बाजूंनी हलक्या हाताने फिरवावी. ब्लेड, सुई किंवा पाणी यांना येथे काम नाही. त्यानंतर सेटिंगमध्ये पडद्याचे कॅलिब्रेशन शोधावे. त्यात कोपऱ्यांत दिसणाऱ्या फुल्या एकेक करून दाबायच्या असतात. एका जागी दाबले असता शेजारचे बटण लागत असेल, तर दोष बहुधा एवढ्यानेच निघतो. मात्र एक संपूर्ण पट्टाच निर्जीव असेल, तर कॅलिब्रेशनचा उपयोग होणार नाही, कारण तेव्हा लेपालाच तडे गेलेले असतात किंवा पडद्यापासून आत जाणारी रिबन, म्हणजे चपटी तारपट्टी, कनेक्टरमध्ये सैल झालेली असते.

हात न लावता अक्षरे उमटण्याबाबत मला अधिक काळजी वाटते. यंत्र सपाट टेबलावर ठेवून बाजूने पाहा. मागचे झाकण किंचित फुगले आहे का, पडदा चौकटीतून वर आला आहे का? उन्हात उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ६० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान सहज होते, आणि दहा वर्षे अशा उष्णतेत राहिलेली लिथियम-आयन बॅटरी फुगून पडद्याला आतून रेटा देऊ शकते. तसे दिसल्यास यंत्र चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नका, आणि ते गाडीत ठेवू नका. बॅटरी बदलल्यावर टच आपोआप सुधारण्याची शक्यता असते, त्यामुळे आधी बॅटरी पाहिल्याखेरीज कोणालाही डिस्प्लेचे पैसे देऊ नयेत.

एवढे करूनही दोष राहिला, तर टच पॅनल बदलण्याचा विचार करता येईल. जुन्या रेझिस्टिव्ह यंत्रांत हे पॅनल आतल्या एलसीडीवर, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागावर, बहुधा केवळ कडांना दुहेरी चिकटपट्टीने बसवलेले असते, त्यामुळे एलसीडी चांगला असल्यास निव्वळ पॅनल बदलता येते. पूर्ण डिस्प्लेच घ्यावा लागेल असे सांगणाऱ्यास हा प्रश्न अवश्य विचारावा. पॅनल खरेदी करताना ‘पाच इंची’ एवढे सांगून भागत नाही. रिबन कोणत्या बाजूने निघते, तिला किती पिना आहेत आणि तिच्यावर कोणता क्रमांक छापला आहे, हे तिन्ही जुळावे लागते, नाहीतर हुबेहूब दिसणारे पॅनल घरी आणून ते बसत नाही असा अनुभव येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोध घ्यायचा असेल, तर जुने पॅनल सोबत नेणे हाच शहाणपणा. यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी ते यूएसबी केबलने संगणकाला जोडून आपण साठवलेली ठिकाणे उतरवून घ्या. बहुतेक यंत्रांत टच बंद असला तरी हे जमते.

आता मुख्य मुद्दा, जो आपल्या पत्रात एका ओळीत येऊन गेला. पॅनल मिळेल, बॅटरी मिळेल. पण २०१७ नंतरचे नकाशे मिळतील का? आपल्या यंत्राला १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू ठाऊक नाही. त्यावरून गेलात तर बाण निळ्या पाण्यातून चालताना दिसेल आणि बाई आपल्याला शक्य तेथे वळण्याची विनंती करत राहील. तो आपला मार्ग नसला, तरी कशेडीच्या नव्या बोगद्यातून खेडकडे उतरताना हीच गंमत होणार आहे. म्हणून उत्पादकाकडे किंवा त्याच्या संगणक-प्रणालीत आपल्या मॉडेलसाठी नकाशे आजही उपलब्ध आहेत का, हे आधी पाहावे. सोबत यंत्रावरची तारीखही तपासा. यंत्र तारीख ठरवते ती जीपीएस उपग्रहांकडून येणाऱ्या आठवड्यांच्या आकड्यावरून, आणि तो आकडा १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तसे ६ एप्रिल २०१९ च्या रात्री झाले, आणि प्रणाली अद्ययावत न केलेली काही यंत्रे तेव्हापासून सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. नकाशे मिळत असतील आणि तारीख ठीक असेल, तर दुरुस्ती करावी. मिळत नसतील, तर नव्या पडद्यावर जुनेच रस्ते पाहण्यासाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला रेंजचा प्रश्न. मोबाइलमधील जीपीएस उपग्रहांवर चालते, मोबाइलच्या मनोऱ्यांवर नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवण्यासाठी. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचे नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवले, तर घाटातही मार्ग दिसतो, फक्त रहदारीची ताजी माहिती मिळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मार्ग पाहण्यापुरता मोबाइल वापरता येतो, मात्र चालकाचे लक्ष विचलित होता कामा नये. म्हणून तो हातात न धरता स्टँडवरच लावावा. चिरंजीवांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे, पण यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. ते अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या, विशेषतः बॅटरी फुगलेली असेल तर.

प्रश्न : माझ्या गाडीतील मूळ स्टीरिओच्या सात इंची पडद्यावर बुडबुडे आले असून गाणी आपोआप बदलतात. संपूर्ण युनिट बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. बाहेरून स्वस्तातला अँड्रॉइड स्टीरिओ बसवावा का?
— एक वाचिका, खारघर

उत्तर : पडद्यावर वरून काच किंवा स्क्रीनगार्ड लावला असेल, तर तो प्रथम काढून पाहा, पुष्कळदा बुडबुडे त्याच्याखालीच असतात. थर खरोखरच सुटला असेल, तर गाडीची वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहून तक्रार लेखी नोंदवा आणि जॉबकार्डची प्रत घ्या. वॉरंटी संपली असल्यास बाहेरचा स्टीरिओ घेण्यास हरकत नाही, पण मूळ वायरी कापू न देता आपल्या मॉडेलचा कपलर, म्हणजे वायरी जोडण्याचा तयार प्लग, वापरून बसवून घ्या, आणि पैसे देण्यापूर्वी रिव्हर्स कॅमेरा व स्टिअरिंगवरची बटणे चालतात का ते दुकानातच तपासा. जुने युनिट बदल्यात देणार असाल, तर त्यात साठलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता आधी पुसून टाका.